पाण्याला ठिपका नाही

आमच्या घरात कामांचा तक्ता आला तो कागदावर नाही, भिंतीवर आला. आणि ज्या बाईनं तो काढला तिला त्या वेळी एक अक्षर वाचता येत नव्हतं. ती बाई मी. आता माझी नातसून फ्रिजवर पोरांसाठी रंगीत कागद चिकटवते. दात घासले की एक चांदणी, दप्तर भरलं की एक चांदणी, चांदण्या पुऱ्या झाल्या की रविवारी खाऊचे पैसे. मला समजावून सांगते, आजी, आजकाल असं करतात. मी म्हणते, सांग बाई, सांग. ऐकून घेते. तिला कुठं माहीत, या चांदण्यांपायी आमच्या घरात एकदा काय रामायण झालं होतं ते.

साल नक्की विचारू नका. नवे पैसे चालू होऊन काही वर्षं झाली होती, तरी बाजारात बायका आण्यातच बोलत होत्या, एवढं आठवतं. आम्ही उमरखेडला दोन खोल्यांत राहत होतो. मातीच्या भिंती, वर कवेलू. हे एका सरकारी कचेरीत चपराशी होते. थोरला पोरगा आठ वर्षांचा, धाकटी पोरगी सहाची. आणि माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायची, कारण ती माझी सख्खी आत्याच. आमच्यात आत्याच्या घरी भाची देत. म्हणून ती मला बोलली तरी ते बोलणं सासूचं आहे की आत्याचं, याचा मला कधी पत्ता लागला नाही.

तर तक्त्याची कल्पना कचेरीतून आली. तिथं चार चपराशी. पाणी भरायचं, झाडायचं, साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसायचं, टपाल न्यायचं, अशी कामं. आमच्या ह्यांच्या वाट्याला झाडायचं आणि टपालाचं काम येई. माठ भरायचं काम कधी येत नसे. का येत नसे ते कोणी बोलून दाखवत नव्हतं, आणि आम्हीही विचारत नव्हतो. धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती, घरातले देव गेले होते, गावकीची कामं सुटली होती, पण माठ आपल्या जागी होता.

मग एक नवीन साहेब आले. शिस्तीचा माणूस. त्यांनी कागदावर रकाने पाडले, डावीकडे चौघांची नावं, वर कामं, आणि हप्त्याहप्त्याला पाळी बदलणार. कागद भिंतीला लावला. तिसऱ्या हप्त्यात ह्यांच्या नावापुढे पाणी आलं.

त्या दिवशी हे घरी आले ते चपला न काढताच चुलीपर्यंत आले.

"आयकतं का? आज मी माठ भरला."

"मंग? कोणी काही बोललं?"

"कोण बोलते? तक्त्यावर लिहेल हाय. हेडक्लार्क दोनदा तक्त्याकडे पाहे, एकदा माठाकडे पाहे. ऊन काय कमी होतं? अकरा वाजता पेला लावला तोंडाले."

"पेला?"

"पुरा पेला. अन् मंग दुसरा मांगतला."

आत्याबाई कोपऱ्यात डाळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. मला आठवतं ते.

मला मात्र त्या कागदाचं भारी कुतूहल वाटायला लागलं. एवढी वर्षं माणसांच्या तोंडून जे निघालं नाही ते चार रेघांनी कसं झालं? मी ह्यांना खोदून खोदून विचारलं. रेघा उभ्या की आडव्या? नाव आधी की काम आधी? काम झालं हे कसं कळतं? हे म्हणाले, "काम झालं का साहेब निळ्या पेन्सिलीनं खून करते." खूण हो, खूण. आम्ही खून म्हणतो.

इकडे माझ्या घरात रोज सकाळी एकच कटकट. "मीच काहून?" "तिनं कायले नाही?" "काल मी झाडलं!" "खोटं बोलते, काल मी!" खरं काय ते मलाही आठवत नसे. एक दिवस गेरू भिजवला आणि चुलीशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर बोटानं रेघा ओढल्या. अक्षर येत नव्हतं म्हणून चित्रं काढली. गुंड, आमच्याकडची पितळी घागर, म्हणजे रांजणात पाणी भरायचं. खराटा म्हणजे अंगण. कंदील म्हणजे राखेनं काच पुसायची. कोंबडी म्हणजे दिवस मावळताना कोंबड्या डालायच्या, टोपल्याखाली झाकायच्या. पोराची खूण सूर्य, पोरीची खूण पोपट. पोपट मला काही जमला नाही, तो बदकासारखा झाला. पोरगी रुसली, मग चोचीला लाल लावली तेव्हा मानली.

काम झालं की गेरूचा एक ठिपका. बाजाराच्या दिवशी हप्ता मोजायचा. पुरे ठिपके असले तर एक पाच पैशाचं चौकोनी नाणं, एखाद-दुसरा कमी असला तर तीन पैसे. ह्यांचा पगार तो केवढा, पण बाजाराच्या दिवशी पोरांच्या हातावर काहीतरी ठेवतच होतो आम्ही. ते नुसतं ठेवण्यापेक्षा कमावलेलं बरं, असा माझा हिशेब.

पोरानं चित्रांखाली शाळेतली अक्षरं लिहिली. पाणी. काच. मी भाकरी थापता थापता त्या अक्षरांकडे बघायची. "पाणी" आणि "काच" यांत एक उभी काठी सारखी आहे, हे मला एका सकाळी आपोआप दिसलं आणि हातातली भाकर तव्यावर करपली. माझी शाळा ती तेवढी. पण ते जाऊ द्या, मी आत्याबाईचं सांगत होते.

आत्याबाईला तक्ता पहिल्या दिवसापासून खटकला.

"हे काय वो? भीत काहून रंगवली?"

मी सांगितलं.

"कामाचे पैसे? पोरायले? आपल्याच घरात मजूर ठेवून राह्यली का तू?"

"मजूर कायचे, आत्याबाई? खाऊले होतेत त्यायले."

"खाऊले दे ना मंग. काम सांगून कायले देतं? आज खराट्याचे पैसे देशीन, उद्या हेच पोट्टे म्हणतीन, आजीले पाणी द्याचे किती? तवा मले सांगजो."

बोलून तिनं तोंडात तंबाखूची चिमूट टाकली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. त्या दिवसापासून ती चुलीपाशी बसायची ती तशीच, पाठ करून. मला वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही बसली. कारण बोलणं तिचं अगदीच फुकटचं नव्हतं. या बाईनं ढाणकीकडच्या आमच्या गावात जन्मभर गावकीचं काम केलेलं. कोणी मेलं की आजूबाजूच्या गावांत सांगावा न्यायचा, लाकडं वाहायची, आणि संध्याकाळी दारोदार जाऊन मिळेल ती भाकर आणायची. काम आणि त्याचा मोबदला हा विषय तिच्यापुढे मी काय काढावा? म्हणून मी मनात ठरवलं, की ती म्हणते तसं एकदा जरी झालं तर तक्ता काढून टाकायचा.

पाच-सहा हप्ते गाडी छान चालली. पोरगा तर असा लागला कामाला की बघत राहावं. बाजारात एका सुताराकडे लाखेचे रंग दिलेले भवरे होते, वीस पैशांना एक. पोरानं तीन चौकोनी नाणी एका बाटलीत टाकली होती, चौथं येत्या बाजाराला मिळणार होतं. पोरीचं तसं नाही, तिची नाणी त्याच दिवशी फुटाण्यात जात.

तर त्या बाजाराचा आदला दिवस. उन्हाळा. आत्याबाईला हिवताप भरला होता, आतल्या खोलीत बाजेवर पडून होती. मी बाहेरच्या खोलीत भिंतीला पोतारा द्यायला पांढरी माती भिजवत होते. पोरगी उंबऱ्यात सागरगोटे खेळत होती. आतून आवाज आला.

"बाई, गडवाभर पाणी आन वो मले."

पोरीनं सागरगोटा वर उडवला, झेलला, आणि खेळता खेळताच विचारलं,

"आजी, याचा ठिपका भेटन का?"

माझे हात मातीतच राहिले. आतली बाज करकरली. आत्याबाई भिंतीला धरून धरून बाहेर आली, रांजणापाशी गेली, स्वतः गडवा बुडवला, उभ्यानंच प्याली, आणि तशीच धरत धरत आत गेली. माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी उठले. पोरीला मारलं नाही, तिला काय मारायचं? पोताऱ्याचं फडकं मातीत भिजलेलंच होतं. चुलीशेजारच्या भिंतीवर एक फटकारा, दोन, तीन. गुंड गेला, खराटा गेला, सूर्य गेला, पोपट गेला. गेरू पांढऱ्या मातीत कालवून भिंत आधी गुलाबी झाली, मग आणखी हात दिला तेव्हा कोरी झाली. पोरगी सागरगोटे ओच्यात घेऊन उभी. तिला कळेना आपलं काय चुकलं.

पोरगा शाळेतून आला. दप्तर ठेवलं आणि भिंतीपाशी गेला. रडला नाही. ओल्या भिंतीवर बोट फिरवत राहिला, कुठं एखादा ठिपका खाली राहिला आहे का ते चाचपत.

"माय, माहा हप्ता पुरा होता."

"माहीत हाय बापू. मी देतो तुले पाच पैसे."

"तसे नाही पाहिजे."

"काहून?"

"तसे तू कवाबी देतं."



हे संध्याकाळी आले. सगळं ऐकलं. टोपी काढून हातात घेतली, भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "चूक पोरीची, अन् ठिपके पुसले पोराचे. उद्या साहेबाले राग आला अन् त्यानं आमचा तक्ता फाडला, त मी कोणाच्या नावानं माठ भरू?"

मला रडू आलं. एकीकडे सासूला दिलेला मनातला शब्द, एकीकडे हे. बरं, आता परत काढावा म्हटलं तरी कोणाचे किती ठिपके होते ते कोणाला आठवतंय? पोरगा म्हणतो माझे पुरे. पोरगी लगेच म्हणते माझेही पुरे. झालं, पुन्हा तीच कटकट.

तेवढ्यात आतून आवाज आला, तापानं घोगरा झालेला.

"पोरीचे पुरे नाहीत. दोन कमी हायेत."

आम्ही सगळे दारात गेलो. आत्याबाई उशाला हात घेऊन पडली होती, डोळे मिटलेले.

"बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पोरानं आंगन झाडलं, पोरीनं काच पुसली. एका आंगानं काळीच ठेवली, तरी तू ठिपका देल्ला, मी काही बोलली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीनं कोंबड्या डालल्या, पन काळी कोंबडी बाहेरच राह्यली, पोरानं धरून आनली. तिचा ठिपका नाही, तो पोराचा. मंग पोराची पाण्याची पाळी. दोन खेपा केल्या, तिसऱ्या खेपीले गुंड आपटला, पोचा आला. पोचा आला तो त्यानं भीतीकडे करून ठेवला हाय. पाह्यलं का कोणी?"

पोरगा खाली बघायला लागला. आम्ही रांजणाकडे बघितलं. खरंच, गुंडाची एक बाजू भिंतीला लावलेली.

असं तिनं सहा दिवसांचं सगळं म्हणून दाखवलं. कोणत्या दिवशी कोणी काय केलं, कोणी अर्धं केलं, कोणी दुसऱ्याचं केलं. मी तिकडे गेरू भिजवला, रेघा आणि चित्रं परत काढली आणि ती आतून सांगेल तसे ठिपके देत गेले.

"आत्याबाई," मी दारातून विचारलं, "तुमी त भीतीकडे पाठ करून बसत होत्या."

"पाह्यचं कायले? कान हायेत ना मले. आमचं कोणी लिहून ठेवे का? कोणाच्या घरून किती भाकरी आल्या, कोणी पोळ्याले जवारी देल्ली, कोणी उद्या ये म्हणलं, हे याद ठेवा लागे. नाही ठेवलं त त्या घरची गेलीच समजा."

मग तिनं पोरीला जवळ बोलावलं. पोरगी माझ्या पदराआड.

"इकडे ये. काय म्हणली होती तू मले दुपारी?"

पोरीनं माझा पदर आणखी घट्ट धरला.

"सांग. मी काही मारत नाही."

"ठिपका भेटन का," पोरगी पुटपुटली.

आत्याबाई हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांना पाणी आलं. "पाह्य वो," मला म्हणाली, "हे एवढीशी. नाकाचा शेंबूड पुसता येत नाही. उभी राहून विचारते, याचं काय भेटन. मी मरनाचे सांगावे घेऊन भर उन्हात तीन-तीन गावं फिरली. पायाले फोड येत. एकदाबी म्हणली नाही कोणाले, बापू, याचं काय भेटन. जीभच उठे ना."

मी तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली.

मग ती पोरीकडे वळली. आवाज एकदम आत्याबाईचा झाला, रोजचा, खणखणीत.

"नाही भेटत. पाण्याले ठिपका नाही. विचारलं ते बेस केलं, आता मालूम पडलं ना? जाय, आन."

पोरगी पळत गेली. गडवा भरून आणला, अर्धा वाटेत सांडला. आत्याबाई प्याली आणि म्हणाली,

"अन् माह्या ठिपक्याचं काय?"

"तुमचा कायचा?" हे म्हणाले.

"एवढं याद करून सांगतलं ते फुकट? तापात पडून? काहाड माही खून भीतीवर."

आम्हाला वाटलं गंमत करते. गंमत नव्हती. मी सूर्य-पोपटाच्या खाली तिसरी रेघ ओढली आणि विचारलं, कोणतं चित्र काढू? "चित्र नको. पोट्ट्याले म्हणा नाव लिही." पोरगा बोटानं "आजी" लिहायला लागला तर ती बाजेवरून ओरडली, "आजी नाही, नाव! मी काय जलमापासून आजी हाव?" मग पोरानं तिचं नाव लिहिलं. तीन अक्षरांचं. तिनं बाजेवरूनच मान लांब करून बघितलं, म्हणाली, एवढुसंच हाय का? त्यातली दोन अक्षरं मला तोवर येत होती, तिसरं मी त्या संध्याकाळी शिकले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि ती बाजाराला आमच्याबरोबर चालत आली, नको म्हणत असताना. पोराला चौकोनी नाणं मिळालं, पोरीला तीन पैसे, आत्याबाईला एक चौकोनी नाणं. ह्यांनीच दिलं, पोरांना देतात तसं, हातावर. पोरानं भवरा घेतला. लाल आणि हिरवा. पोरीनं फुटाणे घेतले आणि सगळ्यांना एकेक दाणा वाटला. आत्याबाई तंबाखूवाल्यापाशी गेली. चांगली घासाघीस केली, पुडी घेतली, तिथंच चिमूट चोळून तोंडात टाकली आणि पुडी कमरेला खोचली. शेजारी हे उभे. त्यांनाही तंबाखूची सवय. त्यांनी हात पुढे केला.

"माय, जराशी."

"तुही पाळी नाही," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.

तक्ता पुढे दोन-तीन वर्षं चालला. पोळ्याला, दिवाळीला पोतारा द्यायच्या आधी आत्याबाई स्वतः आठवण करायची, आधी उतरवून घ्या, मग पुसा. पोरगा पाटीवर उतरवून घ्यायचा. पाण्याचं मात्र पुन्हा कोणी विचारलं नाही. तरी खरं सांगू, आत्याबाईनं पाणी मागितलं की पोरगी गडवा द्यायची आणि जागची हलायची नाही, उभी राहायची थोडा वेळ. आत्याबाई पिऊन झाल्यावर म्हणे, "काय पाह्यतं?" पोरगी म्हणे, "काही नाही." त्या "काही नाही"मध्ये काय होतं, ते विचारायचं माझ्या मनात पुष्कळदा आलं.

मागच्या वर्षी विचारलं. पोरगी आता स्वतः आजी झाली आहे. मी नातसुनेच्या चांदण्या दाखवल्या आणि ही सगळी गोष्ट तिला सांगितली. ती म्हणाली, "माय, मी असं कवाच विचारलं नाही. ते दादानं विचारलं असन." दादाला फोन लावला. तो म्हणाला, त्याला फक्त भवरा आठवतो.

आता खरं-खोटं सांगायला आत्याबाई पाहिजे होती.